५-५-५ वरून ४-४-एन: चालणं उतरलं की मोजणं बदललं?

मुलगी नऊ वर्षं दोन महिन्यांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. जन्म ३१व्या आठवड्यात, वजन १.४ किलो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. दोन्ही पाय ताठ, उजवा जास्त. हात चांगले चालतात, बोलणं स्पष्ट, अभ्यासात वर्गाच्या बरोबरीने. घर डोंगरउतारावरच्या वाडीत, शाळा साधारण ६०० मीटर खाली. (हे एका विशिष्ट मुलीचं प्रकरण नाही. नेहमी समोर येणाऱ्या अडचणी एकत्र दिसाव्यात म्हणून ते नमुन्यादाखल रचलं आहे. प्रश्नावल्यांचे नियम मात्र खरे आहेत.)

गेल्या वर्षी जानेवारीत तिची फंक्शनल मोबिलिटी स्केलवरची नोंद होती ५-५-५. यंदा ऑगस्टमध्ये दुसऱ्या फिजिओथेरपिस्टने तीच स्केल भरली तेव्हा आली ४-४-एन. घरच्यांना कुणीतरी सुचवलं होतं की टाचेची शीर लांब करण्याचं ऑपरेशन करून घ्या, आणि हा घसरलेला आकडा त्या सल्ल्याला पुरावा म्हणून जोडला गेला. वडील म्हणत होते, चालणं कमी झालंय. आई म्हणत होती, आहे तसंच आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते.

तीन आकडे काय सांगतात

ही स्केल मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये तयार झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झाली. चार ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. ५ मीटर, ५० मीटर आणि ५०० मीटर अशा तीन अंतरांसाठी तीन आकडे द्यायचे. १ म्हणजे व्हीलचेअर किंवा बाबागाडी, २ वॉकर, ३ कुबड्या, ४ एक किंवा दोन काठ्या, ५ सपाट जागी कशाचाही व कुणाचाही आधार न घेता (जिन्याला मात्र कठडा लागतो), ६ कुठल्याही जमिनीवर आणि गर्दीतसुद्धा आधाराशिवाय. याशिवाय ‘सी’ म्हणजे रांगत, आणि ‘एन’ म्हणजे लागू नाही, उदाहरणार्थ मूल ते अंतर कापतच नाही.

टेप घेऊन अंतर मोजायचं नसतं. पाच मीटर म्हणजे घरात, पन्नास म्हणजे शाळेत वर्गावर्गांतून, पाचशे म्हणजे बाजारासारख्या लांबच्या ठिकाणी. मूल त्या ठिकाणी वावरतं कसं, हे विचारायचं असतं. तीन बारीक नियम सर्वांत जास्त चुकतात आणि या प्रकरणात तिन्ही चुकले.

पहिला: मूल काय करू शकतं ते नाही, रोज काय करतं ते नोंदवायचं.

दुसरा: भिंत, फर्निचर, कुंपण, दुकानांच्या फळ्या धरत मूल जात असेल तर ५ नाही, ४ द्यायचा. हातात काठी नाही म्हणून ५ लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

तिसरा: पायातला स्प्लिंट (एएफओ) मूल नियमित वापरत असेल तर तो घालून जे चालणं होतं तेच मोजायचं. वापरत नसेल तर न घालता.

जानेवारीचा फॉर्म

तो फॉर्म तपासणीच्या रांगेत बसून आईने स्वतः भरला होता. कागदावर उपचार केंद्रातच तयार केलेलं मराठी भाषांतर होतं: ‘तुमचे मूल घरात चालू शकते का?’, ‘शाळेत चालू शकते का?’, ‘लांब अंतर चालू शकते का?’ इथेच सगळं बिघडलं. मराठीत ‘चालू शकते का’ आणि ‘चालते का’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नाला कुठलीही आई होच म्हणणार. कधीतरी जत्रेत पोरगी अर्धा किलोमीटर चालली होती, दोनदा पडली, पण चालली, ही आठवण त्या ‘हो’च्या मागे असते.

‘आपलं आपण चालते’ हा शब्दप्रयोगही असाच निसरडा. आईच्या लेखी आपलं आपण म्हणजे कुणी उचलावं लागत नाही. त्यात भिंत, चौकट, ओट्याची कड, पाण्याचा ड्रम सगळं बसतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र कशालाही न शिवता चालणारं मूल असतं.

आणखी एक गोष्ट आईने नंतर बोलता बोलता सांगितली. ‘चांगलं चालत नाही म्हटलं असतं तर शाळेने ठेवून घेतलं नसतं.’ उलट दिशेची भीतीही तितकीच दिसते: चांगलं चालते म्हटलं तर दिव्यांग प्रमाणपत्रातले टक्के कमी होतील. २०१६च्या कायद्यानुसार बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं: ‘ताई, या कागदाचा प्रमाणपत्राशी आणि शाळेच्या दाखल्याशी संबंध नाही.’ हे न सांगता मिळालेल्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये.

ऑगस्टमधली मुलाखत

दुसऱ्या फिजिओथेरपिस्टने फॉर्म हातात दिलाच नाही. कालचा दिवस विचारला.

‘काल सकाळी ही शाळेत कशी गेली?’
‘चालतच गेली की.’
‘घराच्या दारापासून सांगा. उंबरठा कसा ओलांडला?’
‘चौकट धरून. मग अंगणातून मी हात धरला. खाली रस्त्याला ह्यांनी सायकलवर मागे बसवलं.’
‘उतरली कुठे?’
‘शाळेच्या फाटकाशी. तिथून वर्गापर्यंत जाते आपलं आपण.’
‘फाटकापासून वर्गापर्यंत धरायला काही आहे?’
‘व्हरांड्याची भिंत आहे ना.’

‘चालतच गेली’ या उत्तराच्या पोटात सायकल, आईचा हात आणि भिंत असं सगळं निघालं. घरात भिंत व फर्निचर धरून, म्हणून ४. शाळेत व्हरांड्याच्या भिंतीने, म्हणून ४. पाचशे मीटरला पेच होता. बाबागाडीत ढकलत नेलं असतं तर १ देता आला असता. सायकलच्या कॅरियरवर किंवा कडेवर नेण्याला या स्केलमध्ये आकडाच नाही, आणि आपल्याकडे तर बरीच मुलं अशीच जातात. ते अंतर मूल स्वतःच्या हालचालीने कापत नाही, म्हणून ‘एन’ आणि शेजारी शेरा: ‘वडिलांच्या सायकलवर.’ शेरा नसलेला ‘एन’ सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही.

हात धरून चालणं हा कायमचा वादाचा मुद्दा. माणसाची मदत लागत असेल तर ५ आणि ६ बाद, एवढं स्केल स्पष्ट सांगते. मग कोणता आकडा द्यायचा, हे प्रत्येक केंद्राने एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवावं. दर फिजिओथेरपिस्ट आपल्या मनाने देऊ लागला की पुढची तुलना संपली. या मुलीत अंगणापुरताच हात होता, त्यामुळे प्रश्न टळला.

विचारण्याचा क्रम असा उपयोगी पडतो: आधी काल, मग परवा, मग ‘हे नेहमीचंच की काल काही वेगळं होतं?’ एकच दिवस धरला तर ताप, पाऊस, पाहुणे यांपैकी काहीतरी आड येतं. मुलाखतीला वेळ फार लागत नाही. चालण्याची दुसरी प्रश्नावली धरूनही वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं, फक्त आई-वडिलांना एकत्र बसवून विचारू नये. एकाने उत्तर दिलं की दुसरा मान डोलावतो.

मुलीला कुणी विचारलंच नव्हतं

नऊ वर्षांचं, बोलतं मूल स्वतःच्या चालण्याबद्दल आईपेक्षा जास्त सांगतं, विशेषतः शाळेबद्दल, कारण तिथे आई नसते. तिला विचारलं, ‘मधल्या सुट्टीत कुठे जातेस?’ ती म्हणाली, कुठेच नाही, पोरं धावत येतात आणि धक्का लागतो. स्वच्छतागृह? ते पटांगणाच्या पलीकडे, चाळीसेक मीटरवर. मध्ये धरायला काही नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. बाटली भरलेली नेते आणि भरलेलीच घरी आणते.

वर्गशिक्षिकेला फोनवर तीनच प्रश्न विचारले: सुट्टीत ती कुठे असते, प्रार्थनेला उभी राहते का, आणि सहलीला आली होती का. तिन्ही उत्तरं मुलीच्या सांगण्याशी जुळली. पन्नास मीटरचा ४ हा आकडा बरोबरच होता, पण तो फक्त येण्या-जाण्याचा होता. मधले पाच तास ती बाकावर बसून होती, हे कुठल्याच रकान्यात उमटलं नसतं.

दुखतं का, हाही वेगळा प्रश्न विचारावा लागतो, कारण ही स्केल तो विचारत नाही. उजव्या गुडघ्यासमोर संध्याकाळी दुखतं, असं तिने सांगितलं. आईला ते ठाऊक नव्हतं.

दुसरी प्रश्नावली: गिलेट

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या गिलेट रुग्णालयाची प्रश्नावली २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात चालण्याच्या दहा पायऱ्या आहेत. पहिलीवर मूल एकही पाऊल टाकू शकत नाही, दहावीवर ते उंचसखल जागीही चालतं, धावतं, चढतं. पालकाने मुलाच्या नेहमीच्या चालण्याशी जुळणारी एकच पायरी निवडायची, लागतं ते साधन धरून. आईने निवडली होती आठवी: बाहेर लांबपर्यंत चालते, खडबडीत जागीही, फक्त थोडी मदत किंवा लक्ष लागतं. मुलाखतीनंतर सहावी ठरली: घराबाहेर थोडं चालते, पण लांबच्या अंतराला सहसा व्हीलचेअर. इथे व्हीलचेअरच्या जागी सायकल होती, तशी नोंद केली.

मूळ प्रश्नावलीत अंतरं फुटांत आहेत, १५ ते ५० फूट, म्हणजे अंदाजे ५ ते १५ मीटर. हे आकडे वाचून दाखवून उपयोग नाही. ‘स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत’, ‘शेजारच्या घरापर्यंत’ असं त्या घरातलं अंतर विचारून मनातल्या मनात मीटर करावेत. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हटलं की मात्र सावध व्हावं. वाडीत हाक दोनशे मीटर जाते.

दहा पायऱ्यांशिवाय तिच्यात २२ कामांची यादी आहे: पाण्याचा पेला घेऊन चालणं, मागे पावलं टाकणं, बसमध्ये आपलं आपण चढणं-उतरणं, वाटेतल्या वस्तूवरून आधी उजवा, मग आधी डावा पाय टाकून जाणं, चेंडूला लाथ मारणं, दोन चाकी सायकल. यात सरकता जिना आहे आणि स्केटिंगही आहे. वाडीतल्या मुलीने सरकता जिना पाहिलेलाच नसतो. तिच्या आईने या दोन्हींपुढे ‘जमतच नाही’वर खूण केली होती. हे कमी जमण्याचं लक्षण नाही, प्रसंगच आलेला नाही. साध्या जिन्याचंही तेच: घर बैठं, शाळा बैठी, मग ‘जिना चढत नाही’ याचा अर्थ काय घ्यायचा?

मोह होतो की सरकता जिना काढावा आणि त्या जागी ओढ्यातले दगड किंवा शेताचा बांध घालावा. तसे प्रश्न जरूर विचारावेत, पण वेगळ्या कागदावर. मूळ यादीत फेरबदल केला की ती गिलेटची प्रश्नावली राहत नाही आणि इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. न आलेल्या प्रसंगापुढे ‘प्रसंग आला नाही’ असं लिहावं आणि बेरजेच्या भानगडीत पडू नये. भाषांतरही कुणी एकाने संध्याकाळी बसून करण्याचं काम नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणावं, ते जुळवावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने परत इंग्रजीत न्यावं, आणि मग पाच-सात आयांना वाचायला देऊन ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारावं. ‘चालू शकते’चा घोळ या शेवटच्या पायरीवर दहा मिनिटांत सापडला असता.

वर्गीकरण: दुसरा स्तर की तिसरा

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड केंद्राची, मुलाच्या हालचालींचं पाच स्तरांत वर्गीकरण करणारी पद्धत, जीएमएफसीएस, १९९७ची. २००७ साली ती सुधारून अठरा वर्षांपर्यंत वाढवली गेली. ऑगस्टचे आकडे पाहून एका सहकाऱ्याने मुलीला दुसऱ्या स्तरावरून तिसऱ्यावर टाकण्याची सूचना केली. ती मान्य झाली नाही. तिसऱ्या स्तरावरचं मूल घरातही बहुतेक ठिकाणी हातात धरायच्या साधनाने चालतं. दुसऱ्या स्तरावरचं मूल साधनाशिवाय चालतं, पण उतार, खडबडीत जागा, गर्दी आणि लांबचं अंतर इथे अडतं आणि तिथे साधन किंवा चाकं वापरू शकतं. वर्णन मुलीशी तंतोतंत जुळतं. शिवाय हा स्तर मुलाची ओळख सांगण्यासाठी आहे, उपचाराने किती फरक पडला हे मोजण्यासाठी नाही. दर भेटीत तो वर-खाली होऊ लागला तर वापरणाऱ्याचं काहीतरी चुकतंय.

स्तर ठरवण्याला इथे खरा अर्थ होता. ओंटारियोतल्या मुला-तरुणांवरचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या ते पाचव्या स्तरावरच्या मुलांची शारीरिक क्षमता साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे उतरलेली दिसली. पहिल्या व दुसऱ्या स्तरावर तसा उतार दिसला नाही. म्हणजे ही मुलगी दुसऱ्या स्तरावरची असेल आणि तिचं चालणं खरंच उतरलं असेल, तर ‘वय वाढलं, वजन वाढलं, होतंच’ असं म्हणून सोडता येत नाही. कारण शोधावं लागतं.

खरा उतार किती

जानेवारीचा फॉर्म खोडला नाही. जुनी नोंद तशीच ठेवून शेजारी वेगळ्या रकान्यात अंदाज लिहिला, तारीख घालून. त्यासाठी पुरावा मिळाला तो वडिलांच्या फोनमध्ये: गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ. त्यात ती स्प्लिंट आणि बूट घालून, कशालाही न धरता पंधराएक मीटर चालत येते. शाळेत तेव्हा सायकलनेच जायची. म्हणून गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज: ५-५-एन. तर पाचशे मीटरची घसरण फक्त कागदावरची होती. घरातली आणि शाळेतली एकेका आकड्याची घसरण खरी होती.

ती का झाली, याचं पहिलं उत्तर बुटांच्या पिशवीत होतं. एएफओ तोकडा झाला होता, घोट्याच्या आतल्या बाजूला फोड येत होता, आणि चार महिन्यांपासून तो घातलाच नव्हता. दीड वर्षात उंची ९ सेंटिमीटरने वाढलेली. शिवाय ज्या दिवसांत तो घालत होती तेव्हाही घरात नाही, कारण चपला-बूट दाराबाहेर. वर्गातही तेच. म्हणजे तिचं निम्मं चालणं कायमच अनवाणी होतं आणि हे कुणी लिहिलं नव्हतं.

दुसरं कारण ऋतू. जानेवारीत अंगण कोरडं, ऑगस्टमध्ये शेवाळ आणि चिखल. या भागात चालण्याच्या दोन नोंदींची तुलना करायची तर महिना एकच हवा.

तिसरं शरीरात. १० मीटर चालायला गेल्या वर्षी ११ सेकंद लागत होते, आता १४. गुडघा सरळ ठेवून घोटा उजवीकडे ५ अंशांपर्यंत वर येत होता, आता ३, म्हणजे जवळपास तेवढाच. गुडघ्यामागच्या शिरा मात्र आवळल्या होत्या आणि उजवा गुडघा ८ अंश सरळ होतच नव्हता. टाच जमिनीला टेकत नव्हती ती गुडघा आणि कंबर वाकलेली राहिल्यामुळे. घोटा अखडल्यामुळे नव्हे. अशा मुलात फक्त टाचेची शीर लांब केली तर ते आणखी वाकून, बसल्यासारखं चालू लागण्याचा धोका असतो. त्या सल्ल्यावर फेरविचारासाठी घरच्यांना बालअस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवलं, सोबत दोन्ही फॉर्म, व्हिडिओ आणि ही मापं. खुब्यांचा एक्स-रेही काढला. दुसऱ्या स्तरावर खुबा सरकण्याचं प्रमाण तिसऱ्याहून बरंच कमी असलं तरी शून्य नसतं. उजवा २२ टक्के, डावा १८ टक्के सरकलेला, काळजीच्या ३० टक्क्यांखाली. शल्यतज्ज्ञांनी ऑपरेशन थांबवून सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरवलं.

काय बदललं

नवा एएफओ, मापाचा. घरात घालायला वेगळे स्वच्छ बूट, आणि बूट घालून वर्गात बसायची शिक्षिकेची परवानगी. रात्री गुडघे सरळ ठेवणारे स्प्लिंट, सुरुवातीला एक तास. शाळेत ठेवायला अंगामागे राहणारा वॉकर, मोठ्या चाकांचा, कारण छोटी चाकं पटांगणातल्या मुरुमात रुततात. तो घरी न्यायचा नाही. उतारावर तो धोक्याचाच.

पुढची नोंद फेब्रुवारीत, त्याच फिजिओथेरपिस्टने, त्याच ‘काल’च्या पद्धतीने घेतली: ५-२-एन. वडिलांनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. पन्नास मीटरला ४ होते, आता २? वॉकर हातात आला की ही स्केल आकडा खाली आणते, मग मूल पूर्वीपेक्षा कितीही जास्त फिरत असो. हे आकडे गुण नाहीत, साधनाची नावं आहेत, हे पालकांना आधीच सांगितलं नाही तर वॉकर दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात पडतो. इथे ते उशिरा सांगितलं गेलं, ही त्या भेटीतली चूक.

फॉर्मच्या वरच्या पट्टीत आता नेहमी सहा गोष्टी भरल्या जातात: उत्तर कुणी दिलं, प्रश्न कुणी विचारले, समोर की फोनवर, महिना, पायात काय, कोणतं साधन कुठे. फेब्रुवारीच्या नोंदीत खाली शेऱ्यात लिहिलं आहे: ‘मधल्या सुट्टीत वॉकरने पटांगण ओलांडते. स्वच्छतागृहात दिवसातून दोनदा जाते. बाटली रिकामी घरी येते. सायकल चालू.’